दीडशेवरून सहावर : उतारवयातील कोंबड्या आणि आपली छाती

आमच्या तालुक्याच्या गावात नोकरीतून निवृत्त झालेला माणूस साधारणपणे तीनपैकी एक गोष्ट करतो. देवळाच्या कट्ट्यावर बसतो, नातवंडे सांभाळतो, नाहीतर परसात कोंबड्या पाळतो. यांतल्या तिसऱ्या प्रकारच्या मंडळींविषयी आज लिहायचे आहे. कोंबड्या पाळणे चांगले की वाईट, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. वय वाढल्यावर किती पाळाव्यात, कशा पाळाव्यात आणि कोणी मुळीच पाळू नयेत, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. मीही ते बरेच दिवस विचारले नव्हते. त्याची किंमत माझ्या एका पेशंटला मोजावी लागली, म्हणून आधी तीच हकिगत सांगतो.

त्यांना आपण तात्या म्हणू या. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी मळ्यात पत्र्याची शेड बांधली आणि गावरान व गिरिराज अशा मिळून दीडशे कोंबड्या ठेवल्या. अंडी आठवडे बाजारात जात. धंदा बरा चालला होता. वयाच्या ६८ व्या वर्षी त्यांचा खोकला सुरू झाला. रात्री धाप लागायची, छातीत घरघर ऐकू यायची. मी गोळ्या दिल्या, पंप दिला, थोडे दिवस बरे वाटे आणि पुन्हा तेच. बिडी सुटून दहा वर्षे झाली होती, त्यामुळे जुन्या बिडीचाच हा परिणाम, असे मी धरून चाललो. दीड वर्ष मी त्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावत होतो, पण ती छाती दिवसभर कोणती हवा घेते हे एकदाही विचारले नाही.

एके दिवशी काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, तपासायला मळ्यात जाण्याचा प्रसंग आला. परतताना तात्या कौतुकाने शेड दाखवायला घेऊन गेले. आत पाऊल टाकताच माझे डोळे चुरचुरले, घशात खवखव झाली. पावसाळ्याचे दिवस, बाजूचे पडदे खाली सोडलेले, खालची भाताच्या तुसाची गादी ओली झालेली. तात्या मात्र आरामात उभे. "वास येत नाही का तुम्हाला?" मी विचारले. "कसला वास, डॉक्टर?" ते म्हणाले.

मला त्याच जागी उत्तर मिळाले आणि मी त्याच जागी दुसरी चूक केली. "तात्या, सगळ्या कोंबड्या विकून टाका," असे सांगून मोकळा झालो. तात्या शिस्तीचा माणूस. आठ दिवसांत व्यापारी आला, टेम्पो भरला, शेड रिकामी झाली.

महिन्याभरात छाती सुधारली. तीन महिन्यांनी काकू एकट्याच दवाखान्यात आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, छाती मोकळी झाली, पण माणूस रिकामा झाला." पहाटे पाचला उठणारे तात्या आठ-आठ वाजेपर्यंत अंथरुणात पडून राहत. जेवण अर्ध्यावर आले होते. अंडी खाणे बंद, कारण आयुष्यभर घरची खाल्ली, आता विकत कशाला आणायची. मळ्याकडे फिरकणे बंद. वजन केले तर चार किलो उतरलेले. रक्त, साखर, थायरॉईड, एक्स-रे सगळे तपासले; मोठे असे काही निघाले नाही. मनाला उदासीने घेरले होते. म्हातारपणी ही उदासी रडून दिसत नाही, ती भूक, झोप आणि पाय यांतून दिसते.

शेवटी आम्ही तिघांनी बसून ठरवले की दीडशेही नकोत आणि शून्यही नको. सहा कोंबड्या ठेवायच्या, पण माझ्या अटींवर. त्या अटी म्हणजेच आजचा लेख.

छातीला नेमके काय होते?

कोंबड्यांच्या शेडमधील हवेत दोन त्रासदायक गोष्टी असतात. पहिली धूळ. ही साधी माती नसते. वाळलेली विष्ठा, पिसांचा भुगा, खाद्याची पूड आणि गादीतील बुरशीचे कण यांचे ते मिश्रण असते. दुसरी अमोनिया वायू. विष्ठा ओली राहिली की तो तयार होतो. डोळे चुरचुरणे, नाकातून पाणी येणे ही त्याची खूण. पण रोज त्याच हवेत वावरणाऱ्याच्या नाकाला सवय होते आणि त्याला वास कळेनासा होतो. म्हणून शेडमध्ये वास आहे की नाही हे मालकाने ठरवू नये, पाहुण्याला विचारावे.

या हवेने ज्यांना आधीच दमा आहे, किंवा बिडी-सिगारेटने वा चुलीच्या धुराने ज्यांच्या श्वासनलिका खराब झाल्या आहेत, त्यांचा त्रास वाढतो. तात्या या गटातले. अशा माणसाने पक्षी कमी केले, हवा मोकळी ठेवली आणि औषध नियमित घेतले तर बहुतेक वेळा निभावते.

दुसरा गट वेगळा आहे आणि तो ओळखणे फार महत्त्वाचे. काहींच्या फुप्फुसांना पक्ष्यांच्या पिसांची आणि विष्ठेतील प्रथिनांची ॲलर्जी होते आणि फुप्फुसाला आतून सूज येते. शेडमध्ये काम केल्यावर चार ते आठ तासांनी, म्हणजे सकाळी साफसफाई केली तर दुपारनंतर, कणकण, ताप, कोरडा खोकला, अंगदुखी आणि धाप सुरू होते. दुसऱ्या दिवशी बरे वाटते, पुन्हा खुराडे झाडले की पुन्हा ताप. वर्षानुवर्षे थोडा थोडा संपर्क राहिला तर ताप न येता नुसती धाप वाढत जाते आणि वजन घटते.

माझ्याकडे साठी ओलांडलेल्या एक मावशी येत. घरामागे दहाच कोंबड्या. दिवेलागणीला ताप, सतत खोकला. मलेरियाची तपासणी झाली, क्षयासाठी थुंकी तपासली, काही सापडले नाही. एकदा त्या सहज म्हणाल्या, "लेकीकडे पुण्याला आठ दिवस होते, एकदाही ताप आला नाही हो." तो धागा पकडून जिल्ह्याच्या ठिकाणी छातीच्या तज्ज्ञांकडे पाठवले. छातीचा स्कॅन झाला आणि हाच आजार निघाला. त्यांना मात्र सहाही नाहीत आणि एकही नाही. सगळे पक्षी द्यावे लागले, तेही शेजारच्या घरी नव्हे, लांब. खुराड्याची जागा दुसऱ्यांकडून धुऊन घेतली. आज त्या पुष्कळ बऱ्या आहेत, पण जिना चढताना थोडी धाप राहिलीच, कारण फुप्फुसाचा जो भाग कडक झाला तो पूर्ववत होत नाही. लवकर ओळखले असते तर एवढे नुकसान झाले नसते.

म्हणून पहिला नियम असा की कोंबड्या कमी करायच्या की बंद करायच्या, हे ठरवण्याआधी आपण कोणत्या गटात आहोत ते डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. डॉक्टरांनी विचारले नाही तरी "माझ्याकडे कोंबड्या आहेत" हे वाक्य पेशंटने स्वतःहून सांगावे. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल तर त्याचे खापर कोंबड्यांवर फोडून गप्प बसू नये. आपल्याकडे आधी क्षयाची तपासणी करायची असते. सरकारी दवाखान्यात ती विनामूल्य होते.

सहाच का?

हिशेब सोपा आहे. एका मोठ्या कोंबडीला दिवसाला साधारण १०० ग्रॅम खाद्य लागते. दीडशे कोंबड्यांना १५ किलो, म्हणजे ५० किलोचे पोते तीन-साडेतीन दिवसांत संपते. तात्या वयाच्या ६८ व्या वर्षी दर चौथ्या दिवशी असे पोते पाठीवर घेत होते. सहा कोंबड्यांना दिवसाला ६०० ग्रॅम पुरते, महिन्याला १८ किलो. परसात मोकळ्या सोडल्या तर किडे, गवत आणि घरातले खरकटे यांवर त्यातलेही काही वाचते. विष्ठा, धूळ आणि मेहनत त्याच प्रमाणात खाली येतात.

आता अंडी किती मिळतील? अस्सल गावरान कोंबडी वर्षाला ६० ते ८० अंडी देते, मधे खुडूक बसते. सरासरी ७० धरली तर सहा कोंबड्यांची ४२०, म्हणजे आठवड्याला आठ. नवरा-बायको दोघांना प्रत्येकी चार. गिरिराज, वनराज अशा सुधारित जातींच्या कोंबड्या याहून बऱ्याच जास्त देतात, मग नातवंडांनाही पुरतात. बाजारात विकायची गरज नाही आणि विकायची नसली की संख्या वाढवायचा मोहही होत नाही.

एक गैरसमज दूर करतो. अंडी मिळण्यासाठी कोंबडा लागत नाही. कोंबड्याशिवायही कोंबडी अंडी घालते. त्यातून पिल्लू निघत नाही एवढेच. उतारवयात कोंबडा ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्या पायाच्या काट्याने पिंडरीला झालेल्या जखमा मी शिवल्या आहेत. मधुमेही माणसाला तशी जखम महिना-महिना पुरते. शिवाय पहाटे चारची बांग शेजाऱ्यांना गोड लागतेच असे नाही.

कमी कशा कराव्यात?

माझ्यासारखे आठ दिवसांत शेड रिकामी करायला सांगू नये. तीन-चार महिने घ्यावेत. क्रम असा ठेवावा.

पहिल्या महिन्यात नवी पिल्ले आणणे आणि खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवणे बंद करावे. पिल्लांना रात्री बल्बची ऊब द्यावी लागते, त्यासाठी दोन-दोनदा उठावे लागते, आणि अंधारात पडून मांडीचे हाड मोडण्याची वेळ हीच. पुढे कधी कोंबडी आणायचीच झाली तर चार-पाच महिन्यांची तलंग आणावी, एक दिवसाचे पिल्लू नको.

दुसऱ्या महिन्यात कोंबडे विकावेत. त्यानंतर वयाने मोठ्या झालेल्या, अंडी कमी देणाऱ्या कोंबड्या काढाव्यात. दोन-तीन वर्षांनंतर अंडी घटत जातात. शेवटी शांत स्वभावाच्या, हाताला येणाऱ्या सहा ठेवाव्यात. आपल्याला धावायला लावणारी कोंबडी कितीही अंडी देत असली तरी ती दुसऱ्याला द्यावी.

सर्वांत धोक्याचा दिवस म्हणजे शेडची जुनी गादी उपसण्याचा दिवस. वर्षभराची वाळलेली विष्ठा आणि बुरशी त्या एका दिवशी हवेत उडते. ज्याला दम आहे त्याने त्या दिवशी मळ्यात थांबूसुद्धा नये. तरुण गड्यांकडून, तोंडाला एन-९५ मास्क लावून, गादीवर हलके पाणी शिंपडून, वारा पाठीवर घेऊन हे काम करून घ्यावे. करोनाच्या काळात आणलेले मास्क अजून घराघरांत पडून आहेत, ते इथे कामी येतील. नाकाला नुसता रुमाल बांधल्याने बारीक धूळ अडत नाही.

खुराडे कसे असावे?

सहा कोंबड्यांना रात्रीपुरते चार फूट लांब आणि तीन फूट रुंद खुराडे पुरे होते. म्हणजे प्रत्येकीला दोन चौरस फूट. पण ते जमिनीवर ठेवू नये. चार पायांवर, आपल्या कमरेइतक्या उंचीवर बसवावे. कोंबड्या फळीवरून चढतात, आपल्याला मात्र वाकावे लागत नाही. अंड्यांच्या खोक्याला बाहेरून उघडणारे झाकण असावे. गुडघे आणि कंबर दुखणाऱ्या माणसासाठी ही एक सोय औषधापेक्षा मोठी आहे.

आत बसायला आडवी बांबूची दांडी आणि तिच्याखाली सरकवता येणारा पत्रा ठेवावा. पत्र्यावर राख पसरावी. रात्रीची विष्ठा त्यावर पडते. सकाळी ती ओलसर असतानाच पत्रा ओढून खड्ड्यात रिकामा करावा. वाळण्याआधी काढली की धूळ होत नाही, आणि साचू दिली नाही की अमोनियाही होत नाही. दोन्ही शत्रू एकाच कामात जातात. कोरडा झाडू मात्र मारू नये.

बाजूंना बारीक जाळी हवी, नाहीतर मुंगूस आणि मांजर डल्ला मारतात. खाद्य घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात, उंदरांमागे साप येतात. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचा ताप होतो, तो वेगळाच. अंधार पडल्यावर खुराड्याकडे बॅटरीशिवाय आणि पायात बूट असल्याशिवाय जाऊ नये. अंड्यांच्या खोक्यात न बघता हात घालू नये. पाण्यासाठी मोठी बादली न उचलता पाच लिटरचा डबा दोनदा न्यावा. वाटेवर शेवाळ धरू देऊ नये. काकूंचे मनगट त्या जुन्या शेडच्या दारातल्या शेवाळावर घसरूनच मोडले होते, त्यासाठीच मी त्या दिवशी मळ्यात गेलो होतो.

अंडी : खावीत किती आणि कशी?

म्हातारपणी आपल्याकडे जेवण म्हणजे चहा-बिस्कीट, भात आणि पातळ आमटी एवढ्यावर येते. स्नायू झिजतात, माणूस खुर्चीतून उठताना हाताचा आधार घेऊ लागतो. ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला किमान ५० ग्रॅम प्रथिने लागतात. एका मध्यम अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात, लहान गावरान अंड्यात ५. वाटीभर घट्ट वरणातही साधारण तेवढीच. म्हणजे अंडे हे वरण-दुधाच्या जोडीला घ्यायचे आहे, त्यांच्या जागी नव्हे. अंड्याच्या बलकात बी-१२ आणि ड जीवनसत्त्वही असते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ बऱ्याचदा कमी आढळते, त्यांना याचा उपयोग आहे. जे अंडी खात नाहीत त्यांनी डाळी, दूध, दही, शेंगदाणे वाढवावेत. त्यांच्यावर कोणी अंड्याची सक्ती करू नये.

एका बलकात जवळजवळ २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते. तरीही बहुतेक निरोगी माणसांना रोजचे एक अंडे चालते. हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तात वाढलेले कोलेस्टेरॉल असणाऱ्यांनी बलकांची संख्या डॉक्टरांना विचारून ठरवावी. मूत्रपिंडाच्या विकारात प्रथिनांवर बंधन असते, त्यांनी तर विचारल्याशिवाय अंडी वाढवूच नयेत.

तालमीच्या काळापासून कच्चे अंडे दुधात फोडून पिण्याची सवय अनेक आजोबांना आहे. ती सोडावी. शिजवलेल्या अंड्यातील सुमारे ९० टक्के प्रथिने अंगी लागतात, कच्च्यातील जेमतेम निम्मी. वर साल्मोनेला जंतूची भीती. त्याने ताप, पोटात कळा आणि जुलाब होतात. तरुण माणूस दोन-तीन दिवसांत उठतो, सत्तरीतला माणूस पाणी कमी पडून अत्यवस्थ होऊ शकतो. असे झाल्यास लगेच जलसंजीवनी सुरू करावी आणि डॉक्टर गाठावा. अंडे बलक घट्ट होईपर्यंत शिजवावे.

अंडी रोज दोनदा गोळा करावीत. घाण लागली असेल तर कोरड्या कापडाने पुसावी, धुऊन ठेवू नयेत. कवचाला बारीक छिद्रे असतात आणि गार पाण्याने धुताना घाण आत ओढली जाते. धुवायचे तर वापरण्याच्या क्षणी. जुने अंडे ओळखायचे तर पाण्याच्या पातेल्यात सोडावे. ताजे तळाशी आडवे पडते, शिळे वर तरंगते.

आणखी एक खरे सांगितले पाहिजे. कवच तपकिरी की पांढरे हे जातीवर अवलंबून असते, बलक किती केशरी हे कोंबडीने खाल्लेल्या हिरव्या पाल्यावर. प्रथिनांच्या बाबतीत घरचे आणि दुकानचे अंडे यांत फारसा फरक नाही. घरचे अंडे चवीला लागते, त्यामागे कष्ट असतात, आणि म्हणून ते माणूस खातो, हा त्याचा मोठा गुण.

पक्ष्यांचे आजार आणि आपण

मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा कोंबड्यांचा नेहमीचा मारक रोग. माणसाला त्याने झाला तर डोळे येण्यासारखा किरकोळ त्रास होतो. पण सगळे खुराडे एका आठवड्यात रिकामे होऊ शकते. लस आहे, मात्र तिची बाटली शंभर-शंभर मात्रांची येते. सहा कोंबड्यांसाठी कोण फोडणार? म्हणून गल्लीतल्या पाच-दहा घरांनी मिळून पशुवैद्यकीय दवाखान्यात एक दिवस ठरवून घ्यावा.

बर्ड फ्लूचे नाव काढले की लोक घाबरतात. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे त्याची साथ आली होती, हे वाचकांना आठवत असेल. नीट शिजवलेल्या अंड्या-मांसातून तो होत नाही, ७० अंश सेल्सिअसच्या उष्णतेने विषाणू मरतो. धोका आहे तो आजारी पक्षी हाताळण्यात, कापण्यात आणि पिसे काढण्यात. आपल्याकडे "मरायच्या आधी कापून खाऊ" असा हिशेब करतात, तो अत्यंत धोक्याचा आहे. एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्या, किंवा परिसरात कावळे मरून पडले, तर उघड्या हाताने उचलू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. त्यानंतर दहा दिवसांत घरात कोणाला ताप-खोकला आला तर डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगावी.

कोंबडी आजारी पडली म्हणून घरातल्या माणसाच्या उरलेल्या कॅप्सूल पाण्यात कालवून देऊ नयेत. त्या औषधाचा अंश अंड्यात उतरतो आणि जंतूही त्या औषधाला सरावतात. पशुवैद्याने औषध दिले तर अंडी किती दिवस खायची नाहीत, हे त्यांनाच विचारावे.

कोंबड्यांना हात लावल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत. पाच वर्षांखालच्या नातवंडांना पिल्ले गालाला लावू देऊ नयेत. चोच किंवा नख लागले तर जखम साबण-पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते पाहावे.

थोडक्यात

१. खोकला, धाप किंवा संध्याकाळचा ताप असेल तर आधी छाती तपासून घ्या, मग कोंबड्यांचा निर्णय घ्या.
२. पक्ष्यांची ॲलर्जी निघाली तर एकही पक्षी नको.
३. इतरांनी संख्या हळूहळू सहावर आणावी. कोंबडा आणि पिल्ले नकोत.
४. जुनी गादी स्वतः उपसू नका.
५. खुराडे कमरेइतके उंच, विष्ठा रोज ओलसर असतानाच बाहेर.
६. अंडे पूर्ण शिजवून खा.
७. आपण आजारी पडलो किंवा गावाला गेलो तर कोंबड्या कोण बघणार, हे आजच ठरवा. कोंबड्यांना कोण बघेल म्हणून ऑपरेशन पुढे ढकलणारे लोक मी पाहिले आहेत.

तात्यांच्या सहा कोंबड्या आल्या त्याला आता चार वर्षे झाली. चमत्कार झाला असे मी म्हणणार नाही. पंप अजून चालू आहे. एका पावसाळ्यात राखेऐवजी ओला भुसा टाकला, तेव्हा धाप पुन्हा वाढली आणि दोन दिवस ॲडमिट करावे लागले. पण उतरलेले चार किलो परत आले आणि पहाटे पाचला मळ्याची कडी वाजते, असे काकू सांगतात.

गेल्या महिन्यात ते रक्तदाब तपासायला आले. रुमालात चार अंडी बांधून आणली होती. एक कोंबडी म्हातारी होऊन गेली, आता पाच उरल्या. "डॉक्टर, एखादी तलंग आणू का?" त्यांनी विचारले. मी मागच्या वेळेसारखे घाईने उत्तर दिले नाही. छाती तपासली, चालायला लावले, खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितले. उठले. मग काकूंना विचारले, "तुमचे काय म्हणणे?" काकू म्हणाल्या, "आणू दे की, पण एकच."

एकच, असे मीही त्यांच्या केसपेपरवर लिहिले.